सरोजताईंचा चार फुटी समुद्र

मासे विकणाऱ्या माणसाला "हा झोपतो कुठे?" असं विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मुंबईतल्या एका गल्लीतलं दुकान, चहूबाजूंनी काचेच्या टाक्या, शनिवारची गर्दी, आणि सरोजताई एका टाकीला नाक लावून उभ्या. दुकानदार आधीच वैतागलेला. तो म्हणाला, "मॅडम, मछली है. पानी में सोएगा."

"पानी में तो सबच सोते हैं भैया," सरोजताई म्हणाल्या. "पत्थर के अंदर, रेती में, की ऐसेच बीच में लटकके?"

मग काय, सरबत्तीच सुरू झाली. वाढून केवढा होतो? खातो काय? रागीट आहे का? स्वतःच्या जातवाल्याशी भांडतो की परक्याशी? आणि शेवटचा प्रश्न असा की दुकानदाराने हातातली जाळी खालीच ठेवली: "इसके साथ पहले कौन था और उसका क्या हुआ?" दोन तासांनी आम्ही रिकाम्या हाताने बाहेर पडलो. माझे पाय दुखत होते, डोकं तापलं होतं. नाशिकहून पहाटे निघून, उपाशीपोटी, फक्त माशांची मुलाखत घ्यायला मी आले होते का? आणि ह्या बाईसाहेब आनंदाने लाल झालेल्या! "किती छान झालं ना वहिनी? तीन स्थळं नाकारली!"

सरोजताई गांगुर्डे नाशिकच्या सिडकोत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायच्या. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. अंगाने काटकुळ्या, चष्म्याला मागे दोरी, आणि उजवी बाही कोपरापर्यंत कायम ओली. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, एसटीत कंडक्टर. हॉलमध्ये बुद्धाची एक लहान पांढरी मूर्ती, एक लोखंडी कपाट, त्यावर टीव्ही, आणि समोर एक कोरी लांबलचक भिंत. सगळी कथा त्या भिंतीची आहे.

झालं असं, की देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली. त्यांच्या बायकोने घरातलं सामान विकायला काढलं, त्यात चार फुटी काचेची टाकी होती आणि खाऱ्या पाण्यातल्या माशांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. सरोजताई गेल्या होत्या खुर्च्या बघायला. आल्या टाकी घेऊन! टेम्पोतून टाकी उतरली तेव्हा भाऊजी खाली उभे होते. त्यांच्या डोक्यात त्या भिंतीला शोकेस लावायचं होतं, टीव्हीसाठी, काचेच्या दारांचं. भर जिन्यात दोघांची जुंपली. शेवटी भाऊजींनी निकाल दिला: "ही दिवाळी गेली. पुढच्या दिवाळीपर्यंत भिंत तुझी. त्यातला एक जरी जीव मेला, तर टाकी खाली आणि शोकेस वर. कबूल?"

"कबूल," सरोजताई म्हणाल्या. त्यांच्यासाठी शब्द म्हणजे शब्द, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, भाऊजींना सर्वांत जास्त.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी मासे आले. छे! दोन महिने त्या टाकीत नुसतं पाणी होतं. खाली वाळू, मध्ये भोकाभोकांचे दगड, वर दिवा, आणि मासा एकही नाही. येणारा-जाणारा विचारायचा, मासे कुठायत? आमच्या बिल्डिंगमध्ये म्हणायला लागले, गांगुर्ड्यांनी पाणी पाळलंय. मीही त्यात होते, खोटं कशाला बोलू. सरोजताईंना ढिम्म फरक पडला नाही. रोज कोळंबीचा एक तुकडा त्या रिकाम्या पाण्यात टाकायच्या, कुजू द्यायच्या आणि नळीत पाणी घेऊन, तपासायच्या औषधाचे थेंब टाकून रंग बघायच्या. "वहिनी, माशाची घाण खाणारे बारीक जीव आधी पाण्यात रुजायला हवेत. ते नसले तर मासा स्वतःच्याच मुतात गुदमरतो. पाणी आधी, मासा नंतर."

ह्या दोन महिन्यांत त्यांनी आणखी एक उद्योग केला, तो पाहून मी हसून हसून पलंगावर पडले होते. घरात आलेल्या जुन्या लग्नपत्रिका घेतल्या आणि त्या जाड कागदाचे मासे कापले. प्रत्येक मासा पूर्ण वाढल्यावर जेवढा होईल तेवढाच, पुस्तकात बघून, पट्टीने मोजून. हे कागदी मासे टाकीच्या काचेला बाहेरून चिकटवायचे आणि आठ आठ दिवस बघत बसायचं. ह्याचं घर त्या भोकात, त्याचं घर ह्या कोपऱ्यात, ह्या दोघांचे रस्ते एकमेकांत येतात, मग एकाला काढा. एका माशाच्या पोटावर "श्री गजानन प्रसन्न" आणि दुसऱ्याच्या शेपटीवर "आहेर आणू नये". एक मोठा, ताटाएवढा, फार देखणा मासा पंधरा दिवस काचेवर होता, मग त्यांनी तो सोलून काढला. मी म्हटलं, अहो, तो तर सगळ्यात सुंदर होता! म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण चार फुटांत त्याला वळता तरी येईल का? दिसायला देखणा म्हणजे नांदायला सोपा असं थोडंच असतं."

पाण्याचीही गंमतच. नाशिकची भाजी रोज मुंबईला जाते आणि टेम्पो रिकामे परत येतात. देवळालीकडचा बाळू निमसे, घरची भाजी घेऊन जाणारा, त्याला सरोजताईंनी पटवलं. त्याने ओळखीच्या होडीवाल्याकडून आत खोल समुद्रातलं पाणी कॅनमध्ये भरून आणायचं. पहिल्यांदा बाळू जिना चढून आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "ताई, लय वर्षं भाजी नेली, पैसं आणलं. समिंदर आणायची पयलीच येळ हाय बघा."

संक्रांतीनंतर पाहुणे यायला लागले, आणि तेही ठरलेल्या क्रमाने! लोक दांडगट मासा आधी टाकतात, कारण तो स्वस्त असतो आणि मरत नाही. सरोजताईंचं उलटं. सगळ्यात भित्रा आधी. "भित्र्याला आधी घर मिळालं पाहिजे. दांडगट पहिला आला की सगळी टाकी त्याच्याच बापाची होते." म्हणून पहिला आला तो पांढरा, निमुळता, शेपटीकडे निखाऱ्यासारखा लाल होत गेलेला मासा. तो दचकला की थेट बाहेर उडी मारतो, म्हणून त्यांनी जुनी मच्छरदाणी फाडून टाकीला झाकण शिवलं. नंतर दोन हिरवट-निळे, गरीब स्वभावाचे. शेवटी दोन नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. त्यातला एक मुद्दाम मोठा, एक मुद्दाम लहान. "सारख्या अंगाचे दोन घेतले की मरेपर्यंत भांडतात. ह्यांच्यात सगळे जन्मतः नर असतात, आणि जो अंगाने मोठा आणि दांडगा, तो बाई होतो!" हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकत होते की जणू हा नियम त्यांनीच करून घेतलाय. भाऊजी तिकिटांची पेटी खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे आमच्या घरचाच कारभार."

पण खरी मजा होती ती वाळूतल्या जोडीची. एक पिवळसर गोबी मासा आणि एक बोटभर कोळंबी, दोघं एकाच बिळात राहणारी. कोळंबी दिवसभर बीळ खणते, वाळू ढकलून बाहेर आणते, पण तिला दिसत जवळजवळ नाही. मासा दारात बसतो आणि राखण करतो. कोळंबी काम करताना एक मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. कुणी आलं, की मासा शेपटी थरथरवतो, आणि दोघं सुर्रकन आत! सरोजताईंनी मला स्टुलावर बसवून हे दाखवलं तेव्हा मी, एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी बाई, गॅसवरचं दूध विसरले. भाऊजींनी त्यांची नावं ठेवली, वॉचमन आणि गवंडीणबाई. गवंडीणबाईचा एक पंजा मोठा होता आणि ती तो वाजवायची. चुटकीसारखा टक् असा आवाज, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. भाऊजी जेवताना टक् ऐकू आलं की म्हणायचे, "चालू आहे बांधकाम."

सहा मासे आणि एक कोळंबी. सरोजताईंनी तिथे पूर्णविराम दिला. आणि मी शहाणी! जूनमध्ये मुंबईला गेले होते, त्या दुकानात मला एक मासा दिसला. पिवळाधमक, काळे ठिपके, आणि अगदी चौकोनी हो, लुडोचा फासाच! मी भाळले. आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून पिशवीत पाणी-हवा भरून, नाशिकपर्यंत मांडीवर धरून आणला. दारात उभी राहून म्हटलं, "ओळखा काय!"

सरोजताईंचा चेहरा पांढरा पडला. पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "वहिनी, टाकीपासून लांब. हा घाबरला किंवा मेला तर अंगातून विष सोडतो. सगळे मरतील, हा स्वतःही मरेल." मी इतकी रागावले म्हणता! एवढ्या प्रेमाने आणलेला मासा, आणि ही बाई माझ्याकडे पूतनामावशीकडे बघावं तसं बघतेय! दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून गेले, तर न्हाणीघरातल्या मोठ्या टबात तो पिवळा फासा मजेत फिरत होता. बाजूला हवेचा पंप, आणि भाऊजी टॉवेल खांद्यावर टाकून आमच्याकडे अंघोळीला निघालेले. आठ दिवस त्यांनी आमच्याकडे अंघोळ केली. मग बाळूच्या टेम्पोतून, टोमॅटोच्या क्रेट्समध्ये कॅन घट्ट बसवून, तो मासा दुकानात परत गेला. सरोजताई निघताना बाळूला बजावत होत्या, "हळू जा. आणि दुकानदाराला सांग, हा एकटा राहणारा आहे, एकट्यालाच द्यायचा." तिथेच माझा राग गेला.

मग आली नारळी पौर्णिमा. आमच्या सासूबाईंना कुणीतरी सांगितलं, समोर समुद्राचं पाणी आहे. झालं! नाशकात बसून समुद्राची पूजा करायला मिळतेय म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या दहा-बारा बायका नारळ घेऊन हजर. सरोजताई स्वतः पूजाबिजा करणाऱ्या नव्हत्या, पण कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी टाकीपुढे पाट मांडला आणि हात जोडून सगळ्यांना सांगितलं, "जे करायचं ते बाहेर करा. फूल, हळद-कुंकू, अक्षता, ह्यातलं काही पाण्यात टाकायचं नाही." बायकांनी शहाण्यासारखं ऐकलं. आरती झाली, नारळीभात वाटला, भाऊजींनी तर दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टक् ऐकू आलं नाही. गवंडीणबाई बिळाच्या बाहेर आडवी पडली होती, पाय हलत होते, पण उठता येत नव्हतं. सरोजताईंनी तिला आणि वॉचमनला जपून ठेवलेल्या चांगल्या पाण्याच्या बादलीत हलवलं, टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळेत गेल्या. दुपारी अर्धी रजा टाकून धावत परत आल्या. "तांबं! पाण्यात तांबं आहे! माशांना एवढं सोसतं, कोळंबीला नाही सोसत. कुठून आलं तांबं?"

आम्ही तिघांनी बॅटरी मारून कोपरा न् कोपरा शोधला. मागच्या दगडाच्या खाचेत ते सापडलं. जुना, जाड, तांब्याचा पैसा. मी तो बघताक्षणी ओळखला. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातल्या डबीतला. गोदावरीच्या पुलावरून बस गेली की खिडकीतून नाणं टाकायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. समुद्राला म्हणून घरातलं सगळ्यात जुनं नाणं काढलं होतं त्यांनी, आणि मच्छरदाणीची कड उचलून आत सोडलं होतं. फूल नको, अक्षता नकोत हे त्यांनी ऐकलं होतं. पैशाचं कुणी बोललंच नव्हतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

सरोजताईंनी पैसा बाहेर काढला. बाळूला निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो बारा कॅन घेऊन दारात उभा. "ताई, घाबरू नका. अजून लागलं तर परवा परत हायेच." सगळी बिल्डिंग कॅन उचलायला धावली, ज्या बायका आरतीला होत्या त्याच पदर खोचून पुढे! पण तिसऱ्या दिवशी बादलीत गवंडीणबाई मेली. वॉचमन तिच्याशेजारीच बसून होता. मी रडले. हो, बोटभर कोळंबीसाठी रडले.

संध्याकाळी सासूबाई स्वतःहून समोर गेल्या. मी मागोमाग. त्या म्हणाल्या, "सरोज, मी पौर्णिमेला समुद्राला पैसा वाहिला होता गं. घेतला का त्याने?"

सरोजताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "घेतला, आजी." सासूबाई समाधानाने घरी आल्या आणि शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. ह्या एका वाक्यासाठी मी त्या बाईला जन्मभर मानलं.

प्रश्न राहिला शब्दाचा. सरोजताई म्हणाल्या, "मी हरले. एक जीव मेला. शोकेसवाल्याला बोलवा." भाऊजी भडकले. "कोळंबी म्हणजे काय मासा आहे का? बुधवारच्या बाजारात किलोने मिळते!" नवरा बायकोला जिंकवायला भांडतोय आणि बायको हरायला, असं भांडण मी पुन्हा कधी ऐकलं नाही. शेवटी एवढं ठरलं की दिवाळीपर्यंत टाकी जागची हलवायची नाही.

पण वॉचमनचं काय? दुसरी कोळंबी आणणं शक्य नव्हतं. दगडांत तांबं मुरलेलं असणार, सरोजताई जाणूनबुजून आणखी एक जीव त्यात घालायला तयार नव्हत्या. त्याला टाकीत परत सोडलं. खणणारी नाही, तर बीळ दोन दिवसांत ढासळलं. तो उघड्यावर आला. नारंगी बाई त्याला ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवू लागली. त्याने खाणं सोडलं, पोट आत गेलं. आठवड्याभरात आटोपणार हे मलाही दिसत होतं. सरोजताईंनी तिकडे बघणंच सोडलं होतं, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं.

मग एका सकाळी ड्यूटीला जायच्या आधी त्यांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि बोटाने ते बीळ उकरलं. वाळू बाहेर ढकलली, दाराशी दोन शंखांचे तुकडे लावले. तो आत गेला. संध्याकाळी ढासळलं, पुन्हा उकरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गणपती आले, गेले, दसरा झाला, सकाळ-संध्याकाळ हे चालूच. मला वाटायचं, ही बाई स्वतःला शिक्षा करून घेतेय.

दिवाळीनंतर माझी पुण्याला बदली झाली आणि आम्ही सिडको सोडलं. पुढे पत्रं झाली, फोन झाले, पण त्या घरातल्या सरोजताई माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या पाडव्याच्या सकाळच्या. मी फराळाचं ताट घेऊन गेले. दार उघडंच होतं. भाऊजी नवा शर्ट घालून, हातात बायकोच्या बांगड्या आणि घड्याळ धरून टाकीपाशी उभे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सरोजताई माझ्याकडे पाठ करून स्टुलावर उभ्या, ठेवणीतल्या साडीत, हात खांद्यापर्यंत पाण्यात. बोट वाळू उकरत होतं. वॉचमन पळाला नव्हता. तो दारात, त्यांच्या बोटाला अंग टेकवून बसला होता, गुबगुबीत, तोंड बाहेर काढून.

मी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. पाण्यात शेपटी थरथरली.

"वहिनी आल्या!" सरोजताई मागे न बघताच ओरडल्या. "अहो, वहिनी आल्यात ना? मला दिसल्या नाहीत, त्याने सांगितलं! बोटाला सांगितलं त्याने!" आणि त्या हसत होत्या, रडत होत्या, चष्मा दोरीवर लोंबकळत होता, पण हात काही बाहेर काढेनात.

भाऊजींनी घसा खाकरला. "बरं. दिवाळी झाली. शोकेसवाला विचारतोय, भिंत कधी मोकळी होणार?"

"त्याला सांगा, नाही होणार," सरोजताई म्हणाल्या. "मला इथे नोकरी लागलीये."